पटावरील दरबार

बुद्धिबळाच्या पटावर वजीर कधीं फितत नाहीं. प्यादीं थकलेल्या पगारासाठीं राजाच्या दारांत धरणें धरून बसत नाहींत, हत्ती आपला सरंजाम सोडण्यास नकार देत नाहीं, आणि दोन उंटांचें सात पिढ्यांचें वैर असलेंच तर खेळणाराच्या बोटांना त्याची गंधवार्ताहि नसते. पांढरीं तेवढीं सारीं एका मताचीं, काळीं तेवढीं सारीं एका मताचीं. खेळ म्हणून हें ठीकच आहे. बुद्धिबळानें आपण राज्यशास्त्र शिकवितों असा दावा कधीं केलेला नाहीं. परंतु हाच नियम उचलून जेव्हां कोणी चीनसारख्या साम्राज्याच्या दरबाराचें चित्र काढूं लागतो, त्यास सनावळ्या, नकाशे व खऱ्या माणसांचीं नांवें जोडतो, आणि तें चित्र आमच्या मुलांच्या मनांत इतिहासाच्या जागीं जाऊन बसतें, तेव्हां त्याच्याशीं दोन हात करणें प्राप्त होतें.

आमचा रोख संगणकावरील राज्यविस्ताराच्या खेळांकडे आहे. "हा पोरखेळ, त्यासाठीं मासिकाचीं पानें कशाला?" असें म्हणून नाक मुरडणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांस आमची एवढीच विनंती कीं, त्यांनीं आपल्या घरांतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलास मिंग घराण्याविषयीं चार प्रश्न विचारून पाहावे. शाळेंत ज्याला शिवकालाच्या सनावळ्या पाठ होत नाहींत, तो पेकिंगच्या दरबारांतील खोजे व विद्वान् अधिकारी यांची चुरस घडाघडा सांगेल. ही विद्या त्यानें ग्रंथांतून मिळविलेली नसते. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स कंपनीच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस' या खेळमालिकेची चौथी आवृत्ति २०१३ सालीं निघाली. २०१७ सालीं तीस खास चीनसाठीं 'मँडेट ऑफ हेवन' नांवाची पुरवणी जोडण्यांत आली. आणि त्याच कंपनीच्या 'क्रुसेडर किंग्ज' या दुसऱ्या मालिकेनें २०२५ सालीं चीन आपल्या नकाशांत आणला. मुलांचें गुरुकुल हें. शिवाय मूळ खेळाचे नियम, पात्रें व नकाशे बदलून हौशी लोक त्याचे निराळे अवतार तयार करतात. त्यांस 'मॉड' म्हणतात. दुसऱ्याचा ग्रंथ हातीं घेऊन त्यांतील प्रकरणें आपल्या मतीप्रमाणें पुन्हां लिहावीं, असा हा प्रकार असून आम्हांस तो मनापासून आवडतो. आमच्या कीर्तनकारांनीं आणि बखरकारांनीं दुसरें काय केलें?

प्रस्तुत लेखाचें निमित्त असाच एक मॉड आहे. आमच्या महाविद्यालयांतील तिघे विद्यार्थी, दोघे कर्जतचे व एक खालापूर तालुक्यांतला, गेलें वर्षभर चीनच्या दरबारांतील सत्तासंघर्ष खेळांत कसा उतरवावा या खटपटींत आहेत. केलेली रचना त्यांनीं आम्हांस दाखविली. बुद्धि, चिकाटी व वाचन यांपैकीं कशांतहि हीं मुलें उणीं नाहींत. पण त्या रचनेच्या मुळाशीं जी कल्पना आहे ती त्यांची स्वतःची नव्हे. ती मूळ खेळांतून त्यांनीं जशीच्या तशी उचलली आहे, आणि ती खोटी आहे.

ती कल्पना अशी. खेळणारा म्हणजे राज्य. तो मरत नाहीं, निवृत्त होत नाहीं, त्यास सासू-सून नाहीं, दायाद नाहीं. त्यास सर्व दिसतें. त्यानें हुकूम केला कीं तो बजावला जातो. राज्यांतील अंतर्गत राजकारण हा त्याच्या लेखीं एक आंकडा असतो. चौथ्या आवृत्तींत राज्याचें 'स्थैर्य' उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत मोजतात आणि तें घसरलें तर सांचविलेले गुण खर्चून विकत घेतां येतें. (स्थैर्य विकत मिळतें ही बातमी सखारामबापू बोकिलांच्या कानीं कोणी घातली असती तर त्यांस केवढें नवल वाटलें असतें!) चीनच्या बादशहावरील स्वर्गाची मर्जी शून्यापासून शंभरापर्यंत चढते-उतरते. २०१० सालच्या त्याच मालिकेंतील एका पुरवणींत चीनच्या दरबाराचे खोजे, देवालयें आणि अधिकारी असे तीन पक्ष पाडले होते. खेळणारानें सोयीप्रमाणें एकाचें पारडें जड करावें, दुसऱ्याचें हलकें. आमच्या विद्यार्थ्यांनीं तीनाचे सात केले, प्रत्येकास चित्र दिलें, मागण्या दिल्या. पण मांडणी तीच राहिली. दरबारांतील भांडण हें राज्याचें दुखणें आणि खेळणारा त्याचा वैद्य.

आतां खरा दरबार पाहा. मिंग घराण्याच्या संस्थापकानें १३८० सालीं मुख्य प्रधानाचें पदच रद्द केलें आणि तें पुन्हां निर्माण करूं नये अशी वंशजांस ताकीद दिली. सर्व सत्ता बादशहाच्या हातीं आली. सत्ता हातीं आली म्हणजे प्रत्यक्षांत काय आलें? कागद आले. साऱ्या साम्राज्याचे अर्ज, तक्रारी, हिशेब एका मेजावर येऊन पडूं लागले. एकट्यानें ते वाचून होईनात. तेव्हां पुढील बादशहांच्या काळीं अशी वहिवाट पडली कीं, सचिवालयांतील विद्वानांनीं प्रत्येक अर्जावर काय हुकूम व्हावा याचा मसुदा एका चिठ्ठीवर लिहून ती अर्जास चिकटवावी, आणि बादशहानें तो मसुदा तांबड्या शाईनें अर्जावर उतरावा. मग बादशहास त्याचाहि कंटाळा आला आणि तांबडी शाई राजवाड्यांतील खोज्यांच्या हातीं गेली. त्या घटकेपासून चिनी राजकारणाचें मर्म दोन प्रश्नांत सामावलें: चिठ्ठी कोणाची, आणि शाई कोणाची? वानली बादशहा १५७२ सालीं लहानपणीं गादीवर आला. चांग च्यू-चंग या मुख्य सचिवानें त्याच्या नांवें दहा वर्षें साम्राज्य चालविलें, तें कोणत्याहि सनदेच्या जोरावर नव्हे. राजवाड्यांतील मुख्य खोजा फंग पाओ याच्याशीं त्याचें सूत जमलें होतें. चिठ्ठी आणि शाई एकमेकांस सामील होतीं, इतकेंच.

१५७७ सालीं चांगचा बाप वारला. शास्त्राप्रमाणें त्यानें पद सोडून सत्तावीस महिने सुतक पाळावयास हवें होतें. तो राहिला. ज्यांनीं त्याविरुद्ध अर्ज केले त्यांस दरबारांत छड्यांनीं फोडून काढलें, आणि फटके खाल्लेले ते अधिकारी देशभर पूज्य झाले. हा हिशेब आमच्या वाचकांनीं नीट पाहावा. मार खाणारा जिंकला आणि मारणारा हरला, असा निकाल ज्या राजकारणांत लागतो तें कोणत्या आंकड्यानें मोजणार? १५८२ सालीं चांग मेला. दोन वर्षांच्या आंत त्याच्या पदव्या गेल्या व घरदार जप्त झालें. वानलीस वाटलें, आतां मी मोकळा झालों. आवडत्या राणीच्या मुलास वारस नेमावें एवढीच त्याची इच्छा. अधिकारी म्हणाले, थोरला मुलगा असतांना तें होणार नाहीं. त्यांच्यापाशीं एक शिपाई नव्हता. त्यांनीं अर्ज लिहिले, राजीनामे दिले, पुन्हां अर्ज लिहिले. वर्षामागून वर्षें हें चाललें आणि १६०१ सालीं बादशहानें निमूटपणें थोरल्यासच युवराज केलें. मग त्यानें सूड उगविला तो कसा? अर्जांना उत्तरें देण्याचें सोडून दिलें. रिकाम्या झालेल्या जागा भरीना. दरबारांत येईना. सर्वसत्ताधीश म्हणविणारा पुरुष आपल्याच राजवाड्यांत असहकार पुकारून बसला, असें दृश्य जगाच्या इतिहासांत फार थोडें सांपडेल.

रे ह्वांग या चिनी इतिहासकारानें या काळावर १९८१ सालीं एक सुंदर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नांवांतच १५८७ हें साल आहे आणि तें 'महत्त्वाचें नसलेलें' साल म्हणून सांगितलेलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या खेळांत १५८७ साल अर्ध्या मिनिटांत सरतें, कारण त्या सालीं लढाई नाहीं. साम्राज्य कशानें पोखरलें तें मात्र अशाच सालांत दिसतें. गंमत अशी कीं चिनी लोकांच्या स्वतःच्या बुद्धिबळांत हें सत्य केव्हांच उतरलेलें आहे. त्यांच्या पटावरील सेनापति नऊ बिंदूंच्या 'राजवाड्या'बाहेर पाऊल टाकूं शकत नाहीं, आणि त्याचे दोन सल्लागारहि त्याच चौकटींत फिरतात. वानलीचें याहून अचूक चित्र कोणी संगणकावर काढलेलें आम्हीं पाहिलेलें नाहीं.

म्हणून आमचें पहिलें मागणें: खेळणारास सिंहासन देऊं नका, दरबारांतील एक जागा द्या. तो सचिव असूं दे, खोजा असूं दे, किंवा बादशहास चार शब्द सुनावण्याचा ज्याचा धर्म असा तपासनीस अधिकारी असूं दे. बादशहा व्हायचेंच असेल तर त्यास वानलीचा अनुभव येऊं दे. हुकूम सुटला आहे आणि कोणी हलत नाहीं. त्याच्या पडद्यावर साऱ्या साम्राज्याचा नकाशा नसावा; त्याच्यापर्यंत पोहोंचलेले कागद तेवढे असावे, आणि जे पोहोंचले नाहींत ते कोणीं अडविले याचा त्याला घोर असावा. आणि हरणें म्हणजे पटावरून उठणें नव्हे, हें विशेष जपावें. वांग आन-शि यानें १०६९ सालीं सुंग दरबारांत सुधारणा सुरू केल्या तेव्हां त्यांचा कट्टर विरोधक सुमा क्वांग बाजूस सरून ग्रंथ लिहीत बसला. सोळा वर्षांनीं बादशहा वारला आणि तोच सुमा क्वांग परत येऊन त्यानें त्या सुधारणा एकामागून एक मोडीत काढल्या. पुढें १६०४ सालीं पदच्युत अधिकाऱ्यांनीं तुंग-लिन पाठशाळेचा जीर्णोद्धार केला आणि तेथून दरबार हालविला. १६२५-२६ सालीं वे चुंग-श्येन या खोज्यानें त्या पंथाचे लोक तुरुंगांत हालहाल करून मारले. १६२७ सालीं नवा बादशहा येतांच वे स्वतः संपला. परीक्षकाचे शिष्य, शिष्यांचे शिष्य, एका सालीं उत्तीर्ण झालेल्यांचा स्नेह, हीं या राजकारणाचीं खरीं प्यादीं आहेत. आमच्याकडे विशाखदत्तानें मुद्राराक्षसांत हेंच ओळखलें होतें. एका मुद्रेभोंवतीं सारें कारस्थान फिरतें, आणि चाणक्याचा विजय राक्षसास मारण्यांत नसून त्यास चंद्रगुप्ताचा अमात्य करण्यांत आहे. संस्कृत नाटककारास जें दीड हजार वर्षांपूर्वीं सुचलें तें स्वीडनच्या कारागिरांस सुचूं नये, आणि आमच्या मुलांनीं मुद्राराक्षस सोडून त्यांचें अनुकरण करावें, याचें वाईट वाटतें.

येथवर विद्यार्थी बरेंचसें कबूल करतात. खरा वाद पुढें आहे. "चीन एकदां जमला, सर, कीं त्यावरच पेशवाई बसवूं," असा त्यांचा बेत आहे. खोज्यांच्या जागीं कारभारी, विद्वानांच्या जागीं सरदार, बादशहाच्या जागीं पेशवे; चित्रें बदललीं, पगड्या चढविल्या, झालें! या बेतास आमचा कडकडीत विरोध आहे. मूळ खेळाच्या चौकटींत चीन निदान वाकडातिकडा बसतो, पेशवाई तर मुळींच बसत नाहीं.

चिनी अधिकाऱ्यास त्याच्या स्वतःच्या प्रांतांत नेमीत नसत. कांहीं वर्षांनीं बदली ठरलेली. एका हुकुमासरशीं त्याचें पद जाई आणि पदाबरोबर त्याचें सर्व बळहि जाई. आमच्याकडे फडणिशी बापाकडून मुलाकडे येई, देशमुखी-कुळकर्ण वतनी, आणि सरदाराची फौज त्याच्या सरंजामावर पोसलेली. पुण्याहून हुकूम सुटला म्हणून शिंद्यांची छावणी उठत नसे. वर पेशवाहि स्वतः मालक नव्हे. त्याचीं वस्त्रें साताऱ्याहून छत्रपतींकडून यावीं लागत. तेव्हां पेशवाईचा खेळ करावयाचा तर तीन गोष्टींपासून आरंभ करावा लागेल: साताऱ्याचीं वस्त्रें, फौजेचा थकलेला पगार, आणि फडावरचा कागद. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावाचा खून झाला तो गारद्यांच्या पगाराच्या गलक्यांतून. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका खरी असो वा खोटी. मराठी माणसाच्या मनानें त्या खुनाचें मूळ कागदावरील एका अक्षरांत शोधलें, हें त्या राजकारणाच्या जातीस धरूनच झालें.

आणि यासाठीं लांब जावयास नको. खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देऊळ आहे. आमचा खालापूरकर विद्यार्थी त्याच वाटेनें ये-जा करतो. नानांनीं हें बांधकाम येथेंच कां केलें असावें? बोरघाटाचा पायथा तो. पुण्याची नाडी या घाटावरून चालते. मुलांना या मुलुखांतील माहीत आहे ती उंबरखिंड. १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाची फौज तेथील अरुंद वाटेंत कोंडली आणि रायबागनच्या सल्ल्यानें खानास शरण यावें लागलें. तिचाहि खेळ करावा. डोंगर, वाट, पाणी व दबा हें सारें या यंत्रांना उत्तम जमतें. पण त्याच खालापुरांतून सुमारें एकशें अठरा वर्षांनीं जी इंग्रजी फौज घाट चढून गेली, तिची कथा या यंत्रांना सांगतां येत नाहीं, आणि तीच अधिक शिकविणारी आहे.

ती कथा थोडक्यांत अशी. नारायणरावानंतर रघुनाथरावानें साताऱ्याहून वस्त्रें मागविलीं आणि ऑक्टोबर १७७३ मध्यें आळेगांवच्या मुक्कामीं तीं त्यास मिळालीं. म्हणजे कायद्यानें तो पेशवा. रामशास्त्र्यांनीं त्यास तोंडावर दोषी ठरवून पद सोडलें. सखारामबापू, नाना, हरिपंत फडके आदि मंडळींनीं बारभाईंचें कारस्थान रचलें आणि नारायणरावाची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन ठेवलें. मार्च १७७४ मध्यें रघुनाथरावानें पंढरपुराजवळ बारभाईंच्या त्रिंबकराव पेठ्यांचा पाडाव केला, लढाई जिंकली. १८ एप्रिलला पुरंदरावर मुलगा झाला आणि जिंकलेली लढाई मातीमोल ठरली. चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्या मुलास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. आतां विद्यार्थ्यांनीं सांगावें, त्यांच्या खेळांत असा डांव कोठें आहे, कीं ज्यांत रणांगणावर जय मिळविणारा पक्ष एका बाळंतपणानें हरतो?

पुढें मुंबईकर इंग्रजांनीं मार्च १७७५ मध्यें सुरतेस रघुनाथरावाशीं तह केला. कलकत्तेकर इंग्रजांनीं तो झिडकारला व मार्च १७७६ मध्यें पुरंदरास बारभाईंशीं निराळा तह केला. शत्रूच्या घरींहि दोन चुली होत्या. खेळांत मात्र इंग्रज एकाच रंगाचा. १७७८ सालीं नानांचाच चुलतभाऊ मोरोबा फडणीस यानें पुण्याचा कारभार हातीं घेतला आणि नानांस कांहीं काळ पुरंदरावर सरकावें लागलें. रघुनाथरावास परत आणण्यास पुण्यांत एक पक्ष तयार आहे, असें मुंबईस वाटूं लागलें तें याच वेळीं. पण महादजी शिंदे नानांकडे वळले, मोरोबा कैदेंत पडला, आणि नोव्हेंबरांत मुंबईहून फौज निघाली तेव्हां ज्या पक्षाच्या भेटीस ती निघाली होती तो पक्षच उरला नव्हता! सुमारें चार हजार लढाऊ लोक आणि सामान वाहणारे १९,००० बैल असा हा लवाजमा पनवेलीहून खोपोलीस आला, घाट चढला, खंडाळ्यास गेला. वर ज्या समितीच्या हातीं त्याचा कारभार होता तिच्यांतहि एकमत नव्हतें. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आमच्या लोकांचा तो 'इष्टुर फाकडा', पडला. ९ तारखेस फौज तळेगांवीं पोहोंचली, ११ च्या रात्रीं मागें फिरली, आणि वडगांवास तिला तह करावा लागला. या पराभवाचें श्रेय मराठी घोड्याला जेवढें आहे तेवढेंच मोरोबाच्या अटकेला आहे. कर्जतच्या स्थानकांत पुष्कळ गाड्यांना घाट चढविण्यासाठीं मागून इंजिनें जोडतात. पुढच्या डब्यांतील उतारूस तीं दिसत नाहींत, एवढ्यावरून तीं नसतात काय?

आतां दुसऱ्या बाजूच्या आक्षेपकांकडे वळूं. हे आमच्याच वयाचे, शिकलेसवरलेले, पूर्वजांविषयीं अभिमान बाळगणारे गृहस्थ आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, हीं घरचीं भांडणें खेळांत आणूंच नयेत; आमचें राज्य फितुरीनें गेलें, मुलांस फितुरीचे डांव शिकविण्यांत काय पुरुषार्थ? हा आक्षेप नवा नाहीं. खाडिलकरांनीं १९०९ सालीं 'भाऊबंदकी' रंगभूमीवर आणलें तेव्हां त्यांनीं हीच राख उकरली; १९७२ सालीं तेंडुलकरांचें 'घाशीराम कोतवाल' आलें तेव्हां नानांच्या चित्रणावरून केवढा गहजब उडाला तें ज्येष्ठ वाचकांस आठवत असेल. नाटककारानें नानांस न्याय दिला कीं नाहीं हा निराळा प्रश्न, आणि आमच्या मतें दिला नाहीं. पण भांडण दाखवूंच नये, हें म्हणणें आम्हांस मान्य होण्यासारखें नाहीं.

'फितुरी' हा शब्द आमच्या इतिहासलेखनांतील सर्वांत आळशी शब्द आहे. तो उच्चारला कीं विचार करण्याचें काम संपतें. ऑक्टोबर १७७३ मध्यें आळेगांवीं वस्त्रें झालेल्या पेशव्याविरुद्ध कट करणारे बारभाई फितूर कीं राजनिष्ठ? उत्तर द्या, आणि तें उत्तर एप्रिल १७७४ पूर्वीं द्या. गंगाबाईस मुलगा होईल कीं मुलगी हें तुम्हांस ठाऊक नाहीं असें धरून द्या. सखारामबापू बारभाईंचा म्होरक्या; १७७९ सालीं इंग्रजांशीं व रघुनाथरावाशीं संधान असल्याच्या आरोपावरून त्याच बारभाईंच्या राज्यानें त्यास कैद केलें, आणि १७८१ सालीं तो रायगडावर कैदेंतच वारला. तो कोणत्या दिवशीं निष्ठावंत होता आणि कोणत्या दिवसापासून फितूर झाला? ज्या माणसानें दोन बाजूंचे दोर हातीं ठेवून आयुष्य काढलें त्याचें मन एका शिवीनें उलगडत नाहीं. त्याच्या जागीं घटकाभर बसून पाहावें लागतें, आणि तेथें बसण्याची सोय नाटकाहूनहि खेळांत अधिक आहे, कारण नाटकांत निर्णय दुसऱ्याचा असतो. खेळांत तो आपल्याला घ्यावा लागतो आणि त्याचें फळ भोगावें लागतें. मुलाच्या हातांत स्थैर्याचा आंकडा देणारा परदेशी खेळ आणि मुलाच्या तोंडांत फितुरीची शिवी देणारे आमचे वडीलधारे, हे दोघे परस्परांचे शत्रु वाटतात. वस्तुतः ते सख्खे भाऊ आहेत. दोघांसहि मतभेद नसलेलें राज्य हेंच निरोगी राज्य वाटतें. असें राज्य कधींच नव्हतें. ज्यांनीं तसें असल्याचा देखावा केला त्यांच्या तुरुंगांत जागा पुरली नाहीं. उद्यां हींच मुलें मतदार होणार, कोणी ग्रामपंचायतींत बसणार. सभेंत विरोधी हात वर झाला कीं त्यांस तो रोग वाटावा काय, एवढाच प्रश्न आहे, आणि तो लहान नाहीं.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंच्या नजरेस येत नाहीं. दरबारच्या भांडणाची किंमत दरबारांत मोजली जात नाहीं. १९,००० बैल खालापुराच्या मुलुखांतून गेले. त्यांच्या तोंडांत वैरण कोणाच्या गंजींतली गेली? इंग्रजांस दाणा मिळूं नये म्हणून मराठ्यांनीं स्वतःचें तळेगांव जाळलें, आणि जरूर पडल्यास चिंचवड व खुद्द पुणेंहि जाळण्याची तयारी ठेवली. डावपेंच म्हणून तो अप्रतिमच. १७८१ सालीं जनरल गॉडार्ड पुन्हां याच घाटाच्या पायथ्याशीं येऊन बसला आणि एप्रिलांत हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांचे मार खात पनवेलीकडे परतला; म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांनीं तींच शेतें पुन्हां तुडविलीं गेलीं. खेळांत या माणसांना 'असंतोष' नांवाचा एक आंकडा आहे, आणि तो फौज पाठविली कीं उतरतो. आमचें मागणें असें कीं, घाटाखालच्या गांवांना खेळांत बोलावयास तोंड द्यावें. दरबारांतील प्रत्येक पक्षास फौज पोसण्यासाठीं त्यांच्याकडेच यावें लागतें, तर गांव उठून गेलें, पेरणी झाली नाहीं, वसूल बुडाला, याचा धक्का फडावर बसलेल्या माणसाच्या कागदांत उमटला पाहिजे. तोहि उशिरां उमटला पाहिजे, जसा तो खरोखर उमटे.

"असा खेळ कंटाळवाणा होईल, सर. नुसते कागद वाचीत कोण बसेल?" हा विद्यार्थ्यांचा शेवटचा बालेकिल्ला. आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें कीं, १७७८ सालचे मोरोबाचे चार-पांच महिने घ्या आणि तेवढाच खेळ करा. चार जागा ठेवा: नाना, मोरोबा, सखारामबापू, महादजी. नकाशा पुणें, पुरंदर आणि बोरघाट एवढाच. प्रत्येकास रोज पांच पत्रें वाचावयास द्या, त्यांतील एक खोटें असूं द्या, आणि रोज दोनच पत्रें लिहिण्याची मुभा ठेवा. पत्र घाटाखालीं मुंबईस जाण्यास लागणारा वेळ मोजा. फौजेचा पगार महिनाअखेरीस मागा. त्यांनीं एका सुट्टींत तेवढें कागदाच्या तुकड्यांवर मांडून पाहिलें, आणि रात्रीं अकरा वाजतां वसतिगृहाच्या पहारेकऱ्यानें दिवा मालवला तेव्हां नानांच्या जागीं बसलेला कर्जतचा मुलगा पुरंदरावर जावें कीं पुण्यांत राहावें यावर महादजीशीं हुज्जत घालीत होता.

एका मुद्द्यावर आमचें त्यांच्याशीं अद्याप जमलेलें नाहीं. मुंबईकर इंग्रजांस आरंभापासून पांचवी जागा द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. आमच्या मतें त्यांस जागा देऊं नये. चौघांपैकीं जो कोणी प्रथम त्यांना पत्र लिहील त्यानें ती जागा उघडावी. पांचवी खुर्ची आधींपासून मांडून ठेवली तर तें पत्र कोणीं व कोणत्या अडचणींत लिहिलें हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. खालापूरचा विद्यार्थी म्हणतो, फौज तर त्यांचीच होती, ती आमच्या गांवावरून गेली, मग त्यांना बाहेर कसें ठेवावें? त्याच्या म्हणण्यांत तथ्य आहे. दिवाळीच्या सुट्टींत दोन्ही रीतींनीं खेळून पाहावयाचें ठरलें आहे.